दोनदा थाप पडली की सोडायचं

प्रति,
बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या मराठी शाळांच्या सुधारणा समित्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि मुख्याध्यापक यांस,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी ज्यूदोचा सराव संपल्यावर पाचवीतला एक मुलगा माझ्यापाशी घुटमळत राहिला. बाकीची पोरं दारात चपला शोधत होती, हा ताडपत्रीची घडी घालायला मला हातभार लावत होता. मग हळूच म्हणाला, "सर, शाळेत अंड्याच्या जागी केळं मागितलं तर देतात काय?" देतात की, म्हटलं, पण तुला तर अंडं आवडतं. तो गप्प झाला. बरंच खोदल्यावर कळलं ते असं. दुपारच्या आहारात अंडं वाढलं की सातवीतली दोन मुलं त्याच्या शेजारी येऊन बसतात आणि त्याच्या ताटातलं अंडं उचलतात. केळं मात्र कुणी उचलत नाही. शाळा सुरू झाल्यापासून हे चाललेलं. आईला सांगितलं नाही, कारण ती विचारणार, तू का दिलंस? बाईंना सांगितलं नाही, कारण मग वर्गात 'चुगलखोर' नाव पडणार. बाईंनाही ताट रिकामं दिसत होतं, म्हणजे पोरानं खाल्लं, असंच त्यांना वाटणार. दहा वर्षांच्या मुलानं एकट्यानं डोकं चालवून काढलेला तोडगा म्हणजे आपल्याला आवडणारी वस्तूच मागायची बंद करायची.

त्या प्रश्नापायी हे पत्र लिहायला बसलो.

माझी ओळख एवढीच, की मी खानापूर तालुक्यातला माजी सैनिक आहे. लहानपणी गावच्या तालमीत माती अंगाला लावली, पुढं सैन्यात ज्यूदो शिकलो आणि निवृत्त होऊन घरी आल्यापासून गेली अकरा वर्षं गावातल्या समाज मंदिरात संध्याकाळी मुलामुलींना शिकवतो. फी घेत नाही. सुरुवातीला मॅट नव्हत्या. भाताचं पिंजर अंथरून त्यावर ताडपत्री ताणून बांधायची आणि त्यावरच पोरांना लोळवायचं, असं चाललं होतं. आज मॅट आहेत, पण कमी पडतात, म्हणून कडेला अजून ताडपत्री असतेच.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला शाळेत बोलावलं आहे, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण बोलावताना बहुतेकांचं म्हणणं एकच असतं. "सर, पोरांना दोन-चार डाव शिकवा. म्हणजे कुणी त्यांच्या वाटेला जाणार नाही." पालकांचंही तेच. ज्याच्या मुलाला त्रास होतो, त्या बापाला वाटतं, आपल्या पोरानं एकदा तरी उलटून द्यावी. ही भावना मला समजते. तरी तसं शिकवायला मी तयार नाही. का, ते सांगायचं तर मला माझी चूक सांगावी लागेल.

पहिल्याच वर्षी माझ्याकडं सातवीतला एक मुलगा आला. अंगानं किरकोळ, बोलताना अडखळणारा. वर्गातली पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करायची, दप्तर लपवायची, पावसात छत्री काढून घ्यायची. मला त्याची फार दया आली. घाईघाईनं मी त्याला पाय लावून मागं पाडायचा डाव शिकवला, कारण तो लवकर जमतो आणि कमी ताकदीत लागू पडतो. तीन महिन्यांत त्याला तो उत्तम जमला. मी खुशीत होतो. मग एके दिवशी एक गृहस्थ घरी आले. त्यांचा तिसरीतला मुलगा शाळेच्या सिमेंटच्या व्हरांड्यात पडला होता, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पाडणारा माझाच विद्यार्थी. त्याला छळणाऱ्या पोरांच्या वाटेला तो गेलाच नव्हता. स्वतःहून लहान असलेल्यांना गाठून तो रोज एकाला आडवा करत होता. ते गृहस्थ मला रागानं काही बोलले नाहीत. मुलाच्या गळ्यातली झोळी दाखवली आणि म्हणाले, "तुम्ही काय शिकवता, ते एकदा बघायला आलो."

मी चार महिने वर्ग बंद ठेवला.

त्या काळात जे वाचायला मिळालं, ते वाचलं. नॉर्वेतले डान ओल्वेउस हे मुलांमधल्या दादागिरीवर आयुष्यभर काम केलेले संशोधक. दादागिरी कशाला म्हणायचं, याच्या त्यांनी तीन खुणा सांगितल्या: ती मुद्दाम केलेली असते, पुन्हा पुन्हा होते, आणि करणाऱ्याचं पारडं सोसणाऱ्यापेक्षा जड असतं. दोन बरोबरीच्या पोरांची झटापट वेगळी आणि हे वेगळं. त्यांच्याच बर्गन शहरातल्या ११ ते १३ वर्षांच्या मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणं आणि कराटे-ज्यूदोसारखे प्रकार खेळणाऱ्या मुलांचं शाळेबाहेरचं दांडगट वागणं कमी होण्याऐवजी वाढलेलं आढळलं. मी ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो सिमेंटचा व्हरांडा आला. उलट, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात शाळेतल्या मुलांना युद्धकलेबरोबर श्वास सावरणं, गोष्टींवर बोलणं आणि त्रास बघत उभ्या असलेल्यानं काय करायचं हे शिकवलं गेलं. तिथं जे मुलगे जास्त तासांना बसले, त्यांची आक्रमकता कमी झाली आणि ते दुसऱ्याच्या मदतीला जास्त जाऊ लागले. म्हणजे खेळ कोणता, यापेक्षा तो कशा रीतीनं शिकवला जातो, यावर सगळं अवलंबून आहे. नुसता डाव हातात दिला, तर पोरगं तो आपल्यापेक्षा दुबळ्यावरच आधी करून बघतं.

ज्यूदो काढला तो जिगोरो कानो यांनी. हे स्वतः लहान चणीचे. टोकियोत शाळेच्या वसतिगृहात मोठ्या पोरांचा मार खाल्लेले. त्या त्रासातूनच ते जुजुत्सू ही झुंजायची जुनी जपानी कला शिकायला गेले आणि १८८२ मध्ये एका देवळाच्या आवारात, बारा चटयांच्या जागेत त्यांनी आपली शाळा सुरू केली. मार खाल्लेल्या माणसानं मार द्यायची कला काढली असती, तर नवल नव्हतं. त्यांनी जुन्या कलेतले जीवघेणे प्रकार सरावातून बाजूला काढले आणि पडणाऱ्याला इजा होणार नाही, अशा तऱ्हेनं पाडायचं शास्त्र बसवलं. म्हणून ज्यूदोत पहिला धडा पडण्याचा. आमच्याकडं पहिले तीन आठवडे बाकी काहीच नसतं. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, पाठ कणगीसारखी गोल करायची आणि मागं लोळायचं. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात उताणे नव्हे, तळवे खाली करून अंगापासून थोडे दूर जमिनीवर आपटायचे. 'फट्' असा आवाज आला पाहिजे. तो आवाज आला की धक्का हातांनी घेतला, डोकं वाचलं, हे पोराला स्वतःलाच कळतं.

हे तीन आठवडे पालकांना फुकट गेल्यासारखे वाटतात. मला मात्र मुलात पहिला फरक इथंच दिसतो. ज्याला पडायची भीती असते, तो आखडतो, खांदे वर घेतो, मान खाली घालतो, आणि दांडगट पोरांना असंच पोर लांबून ओळखू येतं. ज्याला जमीन ओळखीची झाली, तो सरळ उभा राहतो. बांधावरून घसरलं, सायकलवरून पडलं, तरी डोकं वाचतं, हा वरकड फायदा.

आणि दुसरा धडा थापेचा. या पत्रात मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याबद्दल.

जोडीदारानं दाबून धरलं, श्वास कोंडला, हात दुखला, किंवा नुसतं नको वाटलं, तर त्याच्या अंगावर किंवा मॅटवर तळहातानं दोनदा थाप मारायची. थाप पडली की वरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. का मारली, खरंच दुखलं का, एवढ्यात कशी मारलीस, असले प्रश्न नाहीत. थाप मारणाऱ्याला हसायचं नाही. थाप ऐकूनही एक क्षण जरी जास्त धरलं, तर त्या दिवशी त्या मुलाचा सराव तिथंच संपतो. मग तो माझा सगळ्यात चांगला खेळाडू का असेना.

बघा, दादागिरीत नेमकं हेच नसतं. खालचा 'पुरे' म्हणतो आणि वरचा हसून आणखी दाबतो. पोराला सगळ्यात जास्त खातं ते हे, की माझ्या 'नको'ला किंमत नाही. आमच्या मॅटवर सातवीतला धिप्पाड मुलगा चौथीतल्या मुलीची थाप ऐकून झटक्यात हात काढतो, तेव्हा त्या मुलीच्या चेहऱ्याकडं मी बघतो. आणि त्या मुलाकडंही. त्यालाही थांबायची सवय लागते, आणि ती सवय अंगात मुरायला शेकडो वेळा थांबावं लागतं. उपदेश करून ती येत नाही.

आपल्या लाल मातीतही हे आहेच. तालमीत मुलं हौद्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावतात, सलामी देतात, लढत संपली की हरलेल्याच्या पाठीवरची माती जिंकणारा झाडतो. माझे वस्ताद नव्या पोराला पहिला महिना डाव शिकवायचेच नाहीत. माती उकरायची, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल मिसळायचं, जोर-बैठका काढायच्या. मोठा पैलवान लहान पोराशी खेळताना मुद्दाम खाली पडायचा आणि पोराला छातीवर बसवायचा. आपल्याकडं गावोगावी तालमी आहेत, काही वर्षभर धडधडतात, काहींचं कुलूप यात्रेच्या कुस्त्यांपुरतं निघतं. या जागा मुलांसाठी उघडा, अशी यात्रा कमिट्यांनाही माझी विनंती आहे. मॅटसाठी पैसे नसतील, तर मातीइतकं चांगलं काही नाही.

आता आपल्या भागातली एक गोष्ट, जी आपण चारचौघांत बोलत नाही. आपल्याकडं मूल सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकतं आणि आठवीला बसनं दुसऱ्या गावच्या नाहीतर शहरातल्या हायस्कूलला जातं. तिथं त्याच्या कन्नडला हसतात, त्याच्या इंग्रजीला हसतात. 'ळ' आणि 'ल' वरून नाव पाडतात. सगळ्यात वाईट ते बसच्या मागच्या सीटवर घडतं, कारण तिथं शिक्षकही नाहीत आणि आईबापही नाहीत. पण हे नाणं दुसऱ्या बाजूनंही बघा. आपल्याच मराठी गल्लीत वीटभट्टीवर, बांधकामावर आलेल्या कुटुंबाचं कन्नड बोलणारं पोर असतं. त्याच्या मराठीची नक्कल आपली पोरं करतात आणि आपण ओट्यावर बसून ऐकतो. थोरांचे वाद काहीही असोत, ते लेकरांच्या दप्तरात कोंबायचे नाहीत. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं आहेत. 'सोड' म्हणायला मी दोन्ही भाषांत शिकवतो: "सोड! मागं हो!" आणि "बिडु! हिंदे सरि!" पोटातून, मोठ्यानं, एकदाच. पहिल्या दिवशी बहुतेक पोरांचा आवाज घशातच अडकतो. एका मुलीला तो मोकळा करायला दोन महिने लागले. तिला शिकवलेल्या साऱ्या डावांपेक्षा मला तो आवाज मोलाचा वाटतो.

सोडवून घ्यायचे साधे प्रकारही शिकवतो. कुणी मनगट धरलं, तर ओढाताण करायची नाही. धरणाऱ्याच्या पकडीत अंगठ्याची बाजू कच्ची असते, त्या बाजूनं कोपर वळवून हात काढायचा आणि लगेच दोन पावलं मागं. तळवे उघडे, छातीसमोर. मूठ आवळायची नाही, कारण आवळलेली मूठ बघून समोरचाही आवळतो. मग जिथं माणसं आहेत, तिकडं चालायला लागायचं. पळून जाण्यात कमीपणा नाही, हे मी स्वतः माजी सैनिक म्हणून त्यांना सांगतो, म्हणजे त्यांना पटतं. आणि सांगणं आणि चुगली यांतला फरक: दुसऱ्याला अडकवायला बोललं ती चुगली, कुणाला सोडवायला बोललं ते सांगणं. हा फरक मुलांना लवकर कळतो. मोठ्यांनाच वेळ लागतो. "तुमचं तुम्ही मिटवा, रोज काय तक्रारी?" असं एकदा ऐकलेलं मूल पुन्हा तुमच्याकडं येत नाही. ते केळं मागतं.

बघणाऱ्यांचा विषय तर फारच मोठा आहे. टोरांटोतल्या शाळांच्या मैदानांवर मुलांचं चित्रीकरण करून संशोधकांनी पाहिलं, की जेव्हा एखादं मूल मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के, दहा सेकंदांच्या आत त्रास देणं थांबलं. दहा सेकंद! पण मध्ये पडणारे थोडे असतात, बाकीचे कडं करून बघतात. आम्ही हे नाटकासारखं बसवतो. एक जण त्रास देणारा, एक सोसणारा, चार जण बघणारे. बघणाऱ्यांतल्या दोघांनी पुढं व्हायचं, एकट्यानं नाही. त्रास देणाऱ्याशी वाद घालायचा नाही. सोसणाऱ्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "चल, बाईंनी बोलावलंय." फार तर जाता जाता "सोड गा त्याला." बस्स. याला कसलाच डाव लागत नाही. एरवी दंगा करणारी पोरंच हे काम मन लावून करतात, असा माझा अनुभव आहे.

सरकारकडूनही काही आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं तीन महिन्यांचं आत्मरक्षणाचं प्रशिक्षण आहे. आपल्या कर्नाटकात वसतिगृहांतल्या मुलींसाठी ओबव्वाच्या नावानं उपक्रम आहे, जिनं चित्रदुर्गच्या किल्ल्याच्या भगदाडात हातात मुसळ घेऊन हैदर अलीचे शिपाई अडवले. हे उपक्रम हवेतच आणि ते तुमच्या शाळेत यावेत म्हणून तुम्ही शिक्षण खात्याचा पाठपुरावा करा. पण तीन महिन्यांत आवाज कुठं मोकळा होतोय तोवर वर्ग संपतो. शिवाय मुलग्यांना वगळून हा प्रश्न कसा सुटणार? थांबायची सवय त्यांनाच तर जास्त लागायला हवी.

तेव्हा तुमच्याकडं मागणं असं. आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेची एक खोली किंवा मैदानाचा एक कोपरा वर्षभरासाठी द्या. स्नेहसंमेलनात कौलं फोडून दाखवायला मला बोलावू नका. कौल फुटलेलं बघून टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी पोरं एकमेकांवर फोडून बघतात. व्हरांड्यात, फरशीवर कुणी पाडापाडी शिकवत असेल, तर ती तिथल्या तिथं थांबवा. शिकवायला येणारा कोण आहे, याची चौकशी करा, माझीसुद्धा. या खेळात अंगाला हात लागतो, म्हणून वर्गाचं दार उघडं असावं, एखादी आई किंवा शिक्षिका बसलेली असावी आणि मुलीला डाव दाखवायचा तर मुलीवरच दाखवावा. माझ्या वर्गात हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. मुलांच्या लैंगिक छळाची नुसती शंका आली, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समितीत बसून मिटवायचं ते प्रकरण नव्हे. आणि १०९८ हा मुलांसाठीचा नंबर शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला रंगवा. बहुतेक ठिकाणी तो मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागं लावलेला असतो.

मधल्या सुट्टीत शौचालयाच्या मागं आणि संध्याकाळी बस थांब्यावर एक मोठं माणूस उभं राहील, एवढी पाळी समितीनं लावली, तर माझं निम्मं काम हलकं होईल. निवृत्त माणसं गावात पुष्कळ आहेत. मी त्यांच्याशी बोलतो.

पदकांबद्दल विचारता, म्हणून सांगतो. तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या ज्यूदोसारख्या कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आम्ही समाज मंदिरात साखर वाटली. आपल्या खेड्यातली मुलगी ज्यूदोच्या मॅटवरून तिथवर गेली, याचा मला फार अभिमान आहे. पुढं जायची ज्याची तयारी असेल, त्याला मी बेळगावला घेऊन जाईन. पण माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक मुलांना कुठलंही पदक मिळणार नाही आणि त्यांच्यासाठीच मी हे लिहितोय.

अंड्याचं काय झालं? मुलाला विचारून, त्याच्या देखत, मी त्याच्या आईला आणि मग मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी कुणाला मारलं नाही, प्रार्थनेला उभं करून बोलले नाहीत. जेवणाच्या पंगती बदलल्या. धाकट्यांची पंगत स्वयंपाकघराच्या दाराशी, थोरल्यांची पलीकडच्या भिंतीला, मधे एक बाई. त्या दोघा मुलांच्या घरी ते स्वतः गेले. एकाची आई पहाटेच कामावर जाते, पोरगं सकाळी काही न खाताच शाळेत येतं, हे तेव्हा कळलं. आता त्याच्या ताटात आधी वाढतात.

तो सातवीतला मुलगा दोन आठवड्यांपासून माझ्याकडं येतो. अजून पडायलाच शिकतोय, हनुवटी टेकवायला विसरतो. पाचवीतल्या त्या मुलाबरोबर त्याची जोडी मी लावलेली नाही. थाप ऐकायला तो शिकला, की लावीन, आणि तेही धाकट्यानं हो म्हटलं तर.

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला आमचा वर्ग असतो. समितीच्या लोकांनी कधीही, न कळवता यावं. मुलं आणणार असाल, तर सैल कपडे, कापलेली नखं आणि धुतलेले पाय एवढं बघा. हातातले गंडे-दोरे नीट बांधून घ्या, कानातलं घरी ठेवा. पावसाचे दिवस आहेत, छत्र्या दाराबाहेर ठेवायला जागा केली आहे.

आपला नम्र,
खानापूर तालुक्यातला एक माजी सैनिक आणि ज्यूदो शिक्षक